गावच्या सभागृहाला जुन्या राजेशाही नाट्यगृहाचं रूप द्यायचं असेल तर?

मंडळाचं सभागृह नव्यानं करताय, आत लाल मखमल, सोनेरी नक्षी आणि मधोमध झुंबर हवं, पण गोव्याच्या हवेत ते परवडेल का, असं तुम्ही विचारलंय. गोव्यात बरीच वर्षं मराठी नाटकांच्या पडद्यामागची कामं करतोय, त्यावरून सांगतो: मखमल जरूर घ्या, पण डोळ्यांआधी कानांचा विचार करून घ्या.

मिलानचं ला स्काला १७७८ सालचं. असल्या नाट्यगृहांतला थाट नुसता मिरवायचा नव्हता. कापड आवाज शोषतं, उठावाची नक्षी तो विखुरते. प्रेक्षागृहात प्रयोगभर मेणबत्त्या जळत, लोक एकमेकांनाही बघायला येत; म्हणून सज्जांवर सोनं.

सगळ्यात जास्त पैसे खुर्च्यांवर घाला. गादीची रिकामी खुर्ची जवळजवळ बसलेल्या माणसाइतका आवाज शोषते, त्यामुळे तालमीत ऐकू येतं तसंच प्रयोगालाही येतं. प्लॅस्टिकच्या खुर्च्या असल्या की तालमीला सभागृह घुमतं आणि हाऊसफुल्लला माणसंच आवाज शोषतात, मग नट उगाच ओरडत राहतात. संवादाच्या नाटकाला घुमणं साधारण एका सेकंदात विरायला हवं. नाट्यसंगीताला थोडं जास्त चालतं.

दर्शनी पडद्याला रुंदीच्या दुप्पट कापड घ्या, चुण्या दाट पडल्या पाहिजेत. मागच्या भिंतीवरचा पडदा भिंतीला चिकटवू नका, वीतभर पुढे सोडा. खालच्या पट्टीतला आवाजही शोषला जातो, आणि पावसाळ्यात भिंतीची ओल कापडाला लागत नाही. आपल्याकडे मखमल बुरशीनंच मरते. कापड आगरोधक असल्याचा कागद मागून घ्या. व्हेनिसचं ‘ला फेनीचे’ नाट्यगृह १९९६ मध्ये दुरुस्ती चालू असतानाच जळालं, पुन्हा उघडायला २००३ उजाडलं.

झुंबराचा हट्ट सोडा. पॅरिसच्या ऑपेरातलं झुंबर सुमारे ७ टनांचं. १८९६ मध्ये त्याला तोलणारं एक वजन खाली पडून प्रेक्षकांतल्या एका बाईचा जीव गेला. तुमचं हलकं असेल, तरी समोरून रंगमंचावर टाकलेल्या प्रकाशाच्या आड येणारच. भिंतींवर दिवे लावा.

नक्षीसाठी मात्र पणजीला जा. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरियांनी कला अकादमीच्या दीनानाथ मंगेशकर कला मंदिरात जुन्या नाट्यगृहाचे सज्जे बांधले नाहीत, बाजूच्या भिंतींवर रंगवून घेतले. व्यंगचित्रकार मारियो मिरांडांच्या रेषेतले प्रेक्षक त्यांत बसलेत! मला तर हे प्लास्टरच्या सोनेरी वेलबुट्टीपेक्षा कितीतरी जिवंत वाटतं. गावातल्या चित्रकारांना बोलवा, जत्रेच्या नाटकाला बसणारी आपलीच माणसं रंगवून घ्या.

सुरुवात करण्याआधी रिकाम्या सभागृहात मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. मागून टाळी परत आली, तर पहिला खर्च मागच्या भिंतीच्या कापडावर. सोनेरी रंग उरलेल्या पैशांतून.