खिडक्यांवर 4 लाख 20 हजार रुपये खर्च करावेत का?

वाचक भगिनींचे पत्र थोडक्यात असे आहे. त्या पुण्यात वारज्याजवळ, मुंबई–बंगळुरू महामार्गालगतच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतात. त्या रुग्णालयात परिचारिका असून महिन्यातले दहा-बारा दिवस रात्रपाळी करतात आणि दिवसा झोपतात. पती खाजगी कंपनीत नोकरीला आहेत, मुलगा नववीत आहे. दोघांचे हातात येणारे उत्पन्न 1,18,000 रुपये, गृहकर्जाच्या हप्त्यासह घरखर्च 78,000 रुपये, एसआयपी 15,000 रुपये आणि बँकेत 6 लाखांची मुदत ठेव आहे. एका विक्रेत्याने सातही खिडक्या-दारे बदलून दुहेरी काचेच्या यूपीव्हीसी (कडक प्लास्टिकच्या चौकटीच्या) खिडक्या बसवण्याचे 4,20,000 रुपयांचे दरपत्रक दिले असून 'आवाज 85 टक्के कमी होईल' असे सांगितले आहे. ठेव मोडावी, 12 महिन्यांच्या बिनव्याजी हप्त्यांवर काम करून घ्यावे, की घर विकून शांत भागात जावे, असे त्यांनी विचारले आहे.

रात्रभर रुग्णांची सेवा करून आलेल्या व्यक्तीला सकाळी झोप मिळावी यासाठी केलेल्या खर्चाला मी चैन मानत नाही. हा खर्च आपण अवश्य करावा. मात्र तो एवढा मोठा असू नये आणि एकदम होऊ नये, असे माझे मत आहे.

प्रथम त्या 85 टक्क्यांकडे पाहू. ध्वनीची ऊर्जा 85 टक्क्यांनी घटली तरी मोजमापात ती घट केवळ 8 डेसिबलच्या (डेसिबल म्हणजे आवाज मोजण्याचे एकक) आसपास भरते, आणि कानाला आवाज निम्मा वाटण्यासाठी साधारण 10 डेसिबलची घट लागते. म्हणजे विक्रेत्याचा शब्द तंतोतंत खरा ठरला, तरी आपल्याला आवाज जेमतेम निम्म्यावर आल्यासारखा वाटेल. म्हणून टक्केवारी बाजूला ठेवून किती डेसिबलची घट, कोणत्या जाडीच्या काचेने आणि दोन काचांमध्ये किती अंतर ठेवून मिळणार, हे दरपत्रकावर लेखी मागावे.

दुसरी गोष्ट काचेपेक्षाही महत्त्वाची आहे, ती म्हणजे फट. पाच फूट बाय चार फुटांच्या खिडकीच्या कडेने चारही बाजूंना 3 मिलिमीटरची फट राहिली, तर तिचे क्षेत्रफळ खिडकीच्या जवळपास 1 टक्का होते, आणि एवढी फट असताना काच कितीही महागडी असली तरी घट साधारण 20 डेसिबलच्या पुढे जात नाही. आपल्याकडच्या सरकत्या खिडक्यांमध्ये रुळाजवळ आणि दोन झडपा एकमेकींवर येतात तिथे अशा फटी असतातच. एसीच्या नळीसाठी पाडलेले भोक आणि चौकट व भिंत यांमधला तडा यांतूनही आवाज आत येतो. त्यामुळे पैसे देण्यापूर्वी येत्या सुट्टीच्या दिवशी समोरच्या बेडरूमची खिडकी बंद करून सगळ्या फटी रुंद चिकटपट्टीने व मुलांच्या खेळण्यातल्या मातीने तात्पुरत्या बुजवाव्यात आणि फोनवरील ध्वनिमापक ॲपने आधीचा व नंतरचा आकडा लिहून ठेवावा. फोनचा आकडा प्रमाणित नसतो, परंतु त्याच फोनने त्याच जागी घेतलेल्या दोन नोंदींमधला फरक निर्णयासाठी पुरेसा असतो. ही तपासणी दोन-तीनशे रुपयांत होईल आणि कदाचित लाखभर रुपये वाचवेल.

तिसरे म्हणजे, आपण पाठवलेल्या आराखड्यानुसार सातपैकी तीनच जागा महामार्गाकडे आहेत: हॉलची खिडकी, बाल्कनीचे सरकते दार आणि समोरच्या बेडरूमची खिडकी. मागची बेडरूम, स्वयंपाकघर आणि दोन न्हाणीघरे यांच्यावर आज खर्च करण्याचे कारण मला दिसत नाही. मुलगा मागच्या खोलीत अभ्यास करतो आणि दिवसा शाळेत असतो, असे आपण लिहिले आहे. मग रात्रपाळीनंतरची झोप त्याच खोलीत का घेऊ नये? शाळेच्या दिवसांत हा बदल आपल्याला एक रुपयाही न खर्चता करता येईल.

आता पैशांचा हिशेब. सहा महिन्यांचा घरखर्च, म्हणजे 4,68,000 रुपये, हात न लावता ठेवावा, हा माझा आग्रह आहे. कारण गृहकर्ज चालू असताना दोघांपैकी एकाची जरी नोकरी थांबली तरी हप्ता थांबत नाही. त्यामुळे ठेवीतून काढता येण्याजोगी रक्कम फार तर 1,32,000 रुपये उरते. पूर्ण 4,20,000 काढले तर हाती 1,80,000 राहतील आणि ते सव्वादोन महिन्यांत संपतील.

'बिनव्याजी' हप्त्यांचा हप्ता 35,000 रुपये येतो. आपली मासिक शिल्लक एसआयपीनंतर 25,000 रुपये आहे, म्हणजे मुलाच्या शिक्षणासाठीची गुंतवणूक वर्षभर दोन-तृतीयांशाने कमी करावी लागेल, आणि ती नेमकी त्या काळात, जेव्हा पदवीच्या प्रवेशाला फार वर्षे उरलेली नाहीत. शिवाय रोख भरल्यास तेच काम 3,95,000 रुपयांत होईल, असे विक्रेत्याने आपल्याला सांगितले आहे. हा 25,000 रुपयांचा फरक म्हणजे व्याजच आहे, आणि त्याचा वार्षिक दर सुमारे साडेअकरा टक्के पडतो.

घर बदलण्याचा विचार मी सध्या बाजूला ठेवीन. आपल्या अंदाजाप्रमाणे हे घर 78 लाखांना विकून 85 लाखांचे घेतले, तर मुद्रांक शुल्क पुण्यात मेट्रो अधिभारासह 7 टक्क्यांनी 5,95,000 रुपये, नोंदणी शुल्क 30,000 आणि दोन्ही व्यवहारांची दलाली प्रत्येकी 1 टक्का धरली तरी 1,63,000 होते. एकूण 7,88,000 रुपये, आणि किमतीतला फरक वेगळा. खरेदी फक्त आपल्या एकटीच्या नावे झाल्यास मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत मिळते, तरीही खर्च 7 लाखांच्या वरच राहतो. नोकरीचे ठिकाण किंवा मोठ्या घराची गरज अशी दुसरी कारणे असतील तरच हा मार्ग पुन्हा तपासू.

माझी शिफारस अशी आहे. समोरच्या बेडरूमची सध्याची खिडकी न काढता, फटी कायमच्या बुजवून, भिंतीच्या आतल्या बाजूला 75 ते 100 मिलिमीटर अंतर ठेवून लॅमिनेटेड (दोन थरांमध्ये प्लास्टिकचा पातळ पापुद्रा असलेल्या) काचेची, कडेने फट बंद करणारी रबरी पट्टी (गॅस्केट) असलेली, आत उघडणारी दुसरी खिडकी बसवावी. स्थानिक कारागिराने आपल्याला यासाठी 34,000 रुपये सांगितले आहेत. फटींच्या कामासह 40,000 धरू. बाहेरची ग्रिल तशीच राहते, इमारतीच्या दर्शनी भागात बदल होत नाही, त्यामुळे सोसायटीच्या परवानगीचा प्रश्नही सहसा येत नाही. ट्रकच्या इंजिनाची खालच्या पट्टीतली घरघर मात्र याने पूर्ण थांबणार नाही. हॉर्न आणि टायरचा आवाज बराच कमी होईल.

खिडक्या बंद राहिल्या की उन्हाळ्यात एसी चालणार, हा खर्चही धरावा: दिवसाला 8 तास आणि तासाला पाऊण युनिट म्हटले तर महिन्याला 180 युनिट वाढतील, त्यांना आपल्या बिलातील वरच्या टप्प्याचा दर लावून पाहावा. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, म्हणून मागच्या बाजूने हवा येण्याची वाट मोकळी ठेवावी.

कारागिराला 40 टक्क्यांपेक्षा अधिक आगाऊ रक्कम देऊ नये आणि किमान 20 टक्के रक्कम फिटिंगनंतर फोनवरचे आकडे पुन्हा घेऊन मगच द्यावी. दरात 18 टक्के जीएसटी धरला आहे का, हे आधी विचारावे. बाल्कनीच्या दाराचा निर्णय एक पावसाळा जाऊ देऊन, फटी बुजवणारे सीलंट टिकले की नाही ते पाहून घ्यावा. तोपर्यंत शिलकीतून दरमहा 8,000 रुपये आवर्ती ठेवीत टाकले, तर वर्षाअखेरीस त्यासाठी ठेव मोडावी लागणार नाही.