बॉटमलाइन म्हणजे शेवटची ओळ, मधली कुठलीतरी नाही

'बॉटमलाइन' या शब्दावरून पुन्हा तेच तेच प्रश्न आलेत, म्हणून सगळे एकत्रच घेते.

प्रश्न: बॉटमलाइन आणि टॉपलाइन म्हणजे नेमकं काय?
उत्तर: नफातोटा पत्रकात सगळ्यात वर विक्री असते ती टॉपलाइन, सगळ्यात खाली निव्वळ नफा ती बॉटमलाइन. बस.

प्रश्न: मीटिंगमध्ये साहेबांनी "बॉटमलाइन काय?" विचारलं, मी नफ्याचा आकडा सांगितला तर सगळे हसले.
उत्तर: बोलताना त्याचा अर्थ 'शेवटी ठरलं काय' असाही होतो. हसू द्या.

प्रश्न: ८० ला घेऊन १०० ला विकतो, म्हणजे बॉटमलाइन २५ टक्के ना? पार्टनर तसंच म्हणतो.
उत्तर: नाही. खरेदीवर २५, विक्रीवर २० टक्के, आणि यातलं काहीच बॉटमलाइन नाही कारण भाडं, पगार, व्याज, टॅक्स अजून जायचंय. पार्टनरला घेऊन एकदा अकाउंटंटकडे जाच.

प्रश्न: एका धंद्यात पैसे घालायची ऑफर आहे. ब्रोशरमध्ये 'एबिटडा पॉझिटिव्ह, बॉटमलाइन मजबूत' लिहिलंय. मेव्हणे म्हणतात दोन्ही एकच. मुदत संपत आलीये.
उत्तर: मेव्हण्यांना विचारून पैसे घालायचे असतील तर मला कशाला विचारता? एबिटडा म्हणजे व्याज, टॅक्स, घसारा आणि अमॉर्टायझेशन (पेटंटसारख्या न दिसणाऱ्या मालमत्तेचा घसारा) वजा करायच्या आधीची कमाई, म्हणजे कर्जात बुडालेला धंदासुद्धा तिथे छान दिसू शकतो. ऑफिसच्या जागा भाड्याने देणाऱ्या वीवर्क कंपनीला २०१७ मध्ये सुमारे ९३ कोटी डॉलर तोटा झाला होता, आणि २०१८ च्या कर्जरोख्यांच्या कागदात त्यांनी 'कम्युनिटी अ‍ॅडजस्टेड एबिटडा' नावाचा आकडा दाखवला, त्यात मार्केटिंग वगैरे खर्चही बाजूला काढले आणि तोट्याच्या जागी चक्क सुमारे २३ कोटी डॉलरची कमाई! २०२३ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. 'अ‍ॅडजस्टेड' शब्द दिसला की काय काय वगळलं ते आधी विचारायचं. आणि खरा निव्वळ नफा दाखवला तरी तो धंद्यातून आला की एखादी जागा विकून एकदाच आला तेही बघायचं. ऑडिट झालेली पत्रकं मागा, मागच्या काही वर्षांची, आणि सहीच्या *आधी* स्वतःच्या अकाउंटंटला दाखवा, लोक सही करून मग येतात माझ्याकडे. मुदतीची घाई त्यांना आहे, तुम्हाला नाही.

प्रश्न: 'ट्रिपल बॉटमलाइन' काय असतं?
उत्तर: नफ्यासोबत माणसं आणि पर्यावरण यांचाही हिशेब. ब्रिटिश लेखक जॉन एल्किंग्टन यांनी १९९४ मध्ये मांडलं.

प्रश्न: पत्रकात नफा आहे पण खात्यात पैसे नाहीत. कोणी खाल्ले?
उत्तर: लगेच कोणावर आळ घेऊ नका. उधारीची विक्रीही नफ्यात धरली जाते, पैसे मात्र आलेले नसतात. शिवाय कर्जाच्या हप्त्यातलं फक्त व्याज खर्चात दिसतं, मुद्दल नाही. पडून असलेला मालही पैसे अडकवतो. कॅश फ्लो स्टेटमेंट, म्हणजे रोख पैसे कुठून आले नि कुठे गेले त्याचं पत्रक, काढून घ्या आणि अकाउंटंटसोबत बसा, याच आठवड्यात, वर्षअखेरीला नाही.