ब्रेक फेल झाला म्हणून मालक सुटत नाही

प्रश्न : चोर्ला घाट उतरून आलेल्या मालवाहू ट्रकने केरीजवळ वडिलांच्या स्कूटरला धडक दिली. मांडीचं हाड मोडलं, गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) शस्त्रक्रिया झाली. ट्रान्स्पोर्ट कंपनीचा माणूस म्हणतो, "ब्रेक फेल झाला, त्याला कोण काय करणार? ड्रायव्हरही आमचा नव्हे, ठेक्यावरचा." पन्नास हजार घेऊन स्टॅम्पपेपरवर सही करा, असा तगादा लावलाय. काय करू? (एक वाचक, साखळी)

उत्तर : ताई, त्या कागदावर सही करू नका. वडिलांनाही करू देऊ नका.

ब्रेक फेल झाला एवढं सांगून मालक मोकळा होत नाही. मिनू मेहता विरुद्ध बाळकृष्ण नयन या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1977 सालीच स्पष्ट केलं आहे की, यांत्रिक बिघाडाचा बचाव घ्यायचा तर तो दोष आतला, नेहमीची काळजी घेऊनही न दिसणारा होता आणि गाडी नीट राखली होती, हे मालकाने सिद्ध करायचं. तुम्ही नव्हे. घाटात ब्रेक उगाच जात नाहीत. ब्रेकचे लायनर झिजलेले असतात, माल जास्त भरलेला असतो, नाहीतर डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलवर सोडलेली असते. हे सगळं ट्रक निघण्याआधी रोखणं कंपनीच्याच हातात होतं. मला राग येतो तो याच गोष्टीचा.

म्हणून कंपनीला आणि विमा कंपनीला वकिलामार्फत लगेच नोटीस द्या : फिटनेस प्रमाणपत्र, गॅरेजची बिलं, वजनकाट्याची पावती, जीपीएसची नोंद, ड्रायव्हरच्या फेऱ्यांचं रजिस्टर, यातलं काहीही नष्ट करू नका. जीपीएसची नोंद फार दिवस टिकत नाही, म्हणून ही घाई. पोलिसांकडून एफआयआर, पंचनामा आणि मोटार वाहन निरीक्षकाच्या तपासणी अहवालाची प्रत घ्या. ब्रेकची अवस्था त्या अहवालात कळेल.

वजन जास्त निघालं तर मोटार वाहन कायद्याच्या (पुढची सगळी कलमं याच कायद्याची) कलम 194 खाली 20,000 रुपये आणि जादा प्रत्येक टनाला 2,000 रुपये दंड आहे. ड्रायव्हर स्वतः मालक नसेल तर ते मालकाच्या माहितीने झालं, असं न्यायालय कलम 113 खाली गृहीत धरू शकतं. ड्रायव्हर किती तास चालवत होता तेही विचारा. कलम 91 ने त्याच्या कामाच्या तासांना मर्यादा घातली आहे.

'ठेक्यावरचा ड्रायव्हर' हा बचाव लंगडा आहे. मालकाच्या परवानगीने, त्याच्याच कामासाठी गाडी चालवणाऱ्याच्या चुकीला मालक जबाबदार असतो. ट्रक ज्याच्या नावावर नोंदलाय तो, ट्रान्स्पोर्ट कंपनी वेगळी असेल तर तीही, ड्रायव्हर आणि विमा कंपनी, सगळ्यांना प्रतिवादी करा.

आता पैशांचं. कुणाची चूक हे सिद्ध न करताही कलम 164 खाली गंभीर दुखापतीला अडीच लाख मिळतात, आणि हाड मोडणं ही गंभीर दुखापतच. पन्नास हजारांची बोली किती तोकडी आहे ते यावरून कळेल. पण हे अडीच लाख स्वीकारले की कलम 166 खालचा मोठा दावा संपतो. वडिलांचं काम थांबलं असेल, पायात कायमचं अपंगत्व राहणार असेल, तर 166 खालीच जा. त्यासाठी उत्पन्नाचा पुरावा, इस्पितळाची बिलं आणि अपंगत्वाचा दाखला लागेल.

ट्रक घाटापलीकडचा, बेळगावचा असला तरी तिथे खेटे घालायला नकोत. तुम्ही राहता त्या उत्तर गोव्यातल्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. अपघातापासून 6 महिन्यांच्या आत तो दाखल करा. अपंगत्वाचा दाखला तोवर हातात नसला तरी थांबू नका, तो मागाहून जोडता येईल.