पहिल्या तीन जोड्या

वडोदरा

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

नव्या एमएमए (मिश्र युद्धकला, म्हणजे प्रहार आणि पकड दोन्ही चालणारा खेळ) प्रमोशनने, म्हणजे लढती भरवणाऱ्या संस्थेने, अहमदाबादच्या आपल्या पहिल्याच कार्यक्रमात तुला लढत देऊ केल्याचे वाचून आनंद झाला. करारावर सही करावी का, असे तू विचारले आहेस. मी स्वतः कधी लंगोट कसला नाही की पिंजऱ्यात पाऊल टाकले नाही. तीस वर्षे नुसता पाहत आलो आहे, तेव्हा हे एका प्रेक्षकाचे मत आहे एवढे धरून वाच.

तुझे अर्धे पत्र मुख्य लढतीतला परदेशी लढवय्या, रोषणाई आणि उद्घाटनाला येणारा नट यांनीच भरले आहे. मला कुतूहल आहे ते संध्याकाळच्या पहिल्या तीन लढतींचे, कारण तुझी लढत त्यांतलीच एक आहे. जत्रेच्या मैदानात आधी पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या होतात. तिथे जाणता वस्ताद दोन्ही पोरांना शेजारी उभे करतो, दंड चाचपतो आणि जोड बरोबरीची वाटली तरच सलामी होऊ देतो. कोणी टाळ्या वाजवणार नसतानाही तो हे करतो, म्हणून पुढच्या मोठ्या कुस्तीवर माझा विश्वास बसतो. तुझा प्रतिस्पर्धी कोण, त्याच्या किती लढती झाल्या आहेत, आणि हरण्यासाठी तुला आणले आहे की त्याला, हे जोड लावणाऱ्याला स्पष्ट विचार. उत्तर द्यायला त्याने आठवडा लावला, तर तेच उत्तर समज.

एका नावावर उभ्या राहिलेल्या संस्थांचे काय होते, हे मी पाहिले आहे. अमेरिकेत एलिटएक्ससीने किंबो स्लाइस या रस्त्यावरच्या मारामाऱ्यांमुळे गाजलेल्या माणसावर सगळी भिस्त ठेवली होती. ऑक्टोबर २००८ मध्ये ऐन लढतीच्या दिवशी त्याच्या प्रतिस्पर्ध्याच्या भुवईवर जखम झाली, बदली म्हणून सेथ पेत्रुझेली उभा राहिला आणि त्याने १४ सेकंदांत किंबोला संपवले. त्याच महिन्यात संस्थाही बंद पडली. पैशांची चणचण तिथे आधीपासूनच होती, हे खरे. परंतु एका माणसाच्या पडण्याने कोसळावे इतके तिचे खांब पोकळ होते. पुढच्याच वर्षी अफ्लिक्शनचा तिसरा कार्यक्रम मुख्य लढतीतला एक जण उत्तेजक चाचणीत अडकल्याने रद्द झाला आणि त्या प्रमोशनचा कारभारही तिथेच आटोपला. मुख्य लढतीआधीच्या, खालच्या लढतींसाठी महिनोन् महिने घाम गाळलेल्या मुलांची नावे आज मलाही आठवत नाहीत, आणि मी तर अशी नावे लक्षात ठेवणारा माणूस आहे.

आपल्या वडोदऱ्याला हे नवे नाही. खंडेराव गायकवाड महाराजांच्या काळात इथे वज्रमुष्टीच्या लढती होत. मल्ल हाताला शिंगाचे नख बांधून एकमेकांवर तुटून पडत आणि त्याबरोबरच कुस्तीची पकडही घेत. १८६० च्या दशकात दरबारी पाहुणा असलेल्या लुई रूसेले या फ्रेंच प्रवाशाने त्या रक्तबंबाळ लढतींचे वर्णन करून ठेवले आहे. प्रहार आणि पकड यांचा असा मेळ यूएफसी या अमेरिकेतल्या एमएमए संस्थेचा पहिला कार्यक्रम १९९३ मध्ये डेन्व्हरला होण्याच्या सव्वाशे वर्षे आधी या शहराने पाहिला. पण तो राजाच्या हौसेवर जगणारा खेळ होता, हौस सरली की खेळही सरला. (प्रो. माणिकरावांचे जुम्मादादा व्यायाम मंदिर इतकी वर्षे टिकले, कारण तिथे रोज सकाळी साधी मुले येत राहिली.)

म्हणून नव्या प्रमोशनकडे पाठ फिरव, असे मात्र मी म्हणत नाही. मुंबईत मार्च २०१२ मध्ये सुपर फाइट लीगचा पहिला कार्यक्रम झाला, तेव्हा मुख्य लढतीचा बॉब सॅप पहिल्याच फेरीत पाय दुखावून बाहेर पडला आणि पुष्कळांनी नाके मुरडली. तरीही भारतीय मुलांना पिंजरा मिळू लागला तो असल्याच कार्यक्रमांमुळे. जून २०२४ मध्ये यूएफसीत लढत जिंकणारी पहिली भारतीय स्त्री ठरलेली पूजा तोमर आधी मॅट्रिक्स फाइट नाइट या भारतीय प्रमोशनची विजेती होती. मधली पायरी कोणीतरी बांधावीच लागते.

वजनाबद्दल मी अधिक हट्टाने लिहितो. डिसेंबर २०१५ मध्ये यांग जियानबिंग हा अवघ्या २१ वर्षांचा चिनी लढवय्या लढतीआधी ठरलेल्या गटात बसण्यासाठी वजन उतरवताना शरीरातले पाणी घटल्याने दगावला, आणि त्यानंतर वन चॅम्पियनशिप या आशियाई प्रमोशनने पाणी तोडून वजन उतरवण्यावर बंदी घातली. तुला ज्या गटात उतरवत आहेत तो तुझ्या रोजच्या वजनापासून किती किलो दूर आहे, वजन कधी घेणार आणि पिंजऱ्याजवळ डॉक्टर व रुग्णवाहिका असणार का, हे लेखी माग. तोंडी आश्वासन देणारे लोक सहसा वाईट नसतात, घाईत असतात. आणि घाईत पहिला बळी खालच्या लढतींचाच जातो.

करारात किती महिने तुला इतरत्र लढता येणार नाही, त्या काळात ते किती लढती देणार आणि कार्यक्रम रद्द झाला तर मानधनाचे काय, ही तीन कलमे वकिलाकडून वाचून घे. माझ्या ओळखीचा एक मुलगा बंद पडलेल्या अशाच एका संस्थेच्या करारात वर्षभर अडकून राहिला होता; कोणाकडे दाद मागावी हेच त्याला कळत नव्हते.

सगळे मनासारखे जमले तर मला तारीख कळव. दारे उघडताच मी येऊन बसेन. मुख्य लढतीपर्यंत थांबेनच असे नाही, परतीची गाडी पाहावी लागते.

तुझा,
काका