जीबीएसनंतर घरी आलेला माणूस दुपारीच का आडवा होतो?

ताई, वडील चोपन्न वर्षांचे, जीबीएस (गियाँ-बारे सिंड्रोम) होऊन घरी आले त्याला चार महिने झाले. डॉक्टर प्रगतीवर खूश आहेत, पण हे दुपारनंतर आडवेच. एके दिवशी जरा जास्त चालवलं की दुसऱ्या दिवशी उठत नाहीत. 'खचलेत की आळस करतात?' असं तुम्ही विचारलंय. मी स्वतः या आजारातून गेलोय, त्यामुळे त्यांची बाजू घेतो. तो आळस नाही.

जीबीएसमध्ये प्रतिकारशक्ती आपल्याच नसांवर उलटते. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी भागात साथ आली, तेव्हा दूषित पाण्यातून पोट बिघडण्यापासून अनेकांची सुरुवात झाली होती. आयव्हीआयजी (शिरेतून दिलेली प्रतिपिंडं) किंवा रक्तातला प्लाझ्मा बदलण्याने तो हल्ला आवरतो, झालेली मोडतोड मात्र शरीरालाच भरून काढावी लागते. नसेवरचं आवरण त्यातल्या त्यात लवकर सावरतं. आतला तंतूच तुटला असेल तर तो दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतो. कमरेपासून पावलापर्यंतचं अंतर बघा, म्हणजे पावलांत जोर सगळ्यात शेवटी का येतो ते कळेल. आणि हातापायात जोर परत आला तरी थकवा कित्येकांचा वर्षानुवर्षं जात नाही.

म्हणून किती चाललं हे त्याच दिवशी ठरवू नका, दुसऱ्या सकाळी ठरवा. उठल्यावर पाय जड, दुखरे असतील तर आदला व्यायाम जास्त झाला. निम्म्यावर आणा आणि फिजिओथेरपिस्टना सांगा. अंघोळ, दाढी, जिना हे सगळं एकाच सकाळी नको. 'रोज पाच हजार पावलं चाला' म्हणणारे शेजारी भेटतीलच, त्यांना चहा पाजून वाटेला लावा.

आता पावलांचं. अंगठ्याच्या चपला आजपासून बंद. पावलाचा पुढचा भाग नीट उचलला जात नाही, चप्पल निसटते, आणि बधिरपणामुळे निसटलेली कळतही नाही. मग उंबऱ्याला पाय अडतो. मागे पट्टा असलेली सँडल द्या. पाऊल फारच लोंबत असेल तर एएफओ स्प्लिंटबद्दल (घोटा आणि पाऊल सरळ धरणारा आधार) विचारा. अंघोळीचं पाणी त्यांनी पायाने बघायचं नाही, तुम्ही कोपराने बघा. शेकायची पिशवी नकोच, भाजलेलं फोड आल्यावर समजतं. रात्री तळवे आणि बोटांच्या बेचक्या उजेडात तपासा.

रात्री पायांची आग होते, चादरसुद्धा सोसत नाही, हे तुम्ही लिहिलं नाहीये, पण विचारून बघा. पुरुष सांगत नाहीत. नेहमीच्या वेदनाशामकांनी त्यात फारसा फरक पडत नाही. प्रीगॅबालिन, गॅबापेंटिनसारखी वेगळी औषधं असतात. ती न्यूरॉलॉजिस्टच देतील. या औषधांनी गुंगी येते, तेव्हा रात्री बाथरूमपर्यंत दिवा चालू ठेवा आणि औषधं मनाने एकदम बंद करू नका.

अशक्तपणा पुन्हा वाढायला लागला, तर थकवा समजून थांबू नका, लवकर दाखवा. गिळताना ठसका लागला किंवा श्वास अपुरा पडला तर थेट इमर्जन्सी.

जिन्याचं विचारलं होतंत. चढताना जोराचा पाय आधी, उतरताना कमजोर पाय आधी, हात कठड्यावर. चढताना तुम्ही त्यांच्या एक पायरी खाली राहा, आणि उतरतानाही खालच्याच बाजूला.