मॅच चालू असताना जागा का सोडायची नाही?

चि. चिऊस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "मॅचमध्ये जागेवरून उठायचं नाही हा आजोबांचा नियम खरा असेल, तर १ नोव्हेंबरला बेसबॉलच्या फायनलला आपण हरलो कसे? मी तर हललेसुद्धा नव्हते. आणि हे आपल्या धर्मात आहे का?" मी मीटिंगच्या दारात उभा होतो, म्हणून 'नंतर सांगतो' म्हणालो. कॅलगरीत संध्याकाळी मला दुसरं काम नसतं, तेव्हा लिहितोच. अडलेला शब्द आईला विचार.

आधी धर्माचं. कुठल्याही पोथीत हे नाही. गुरुजींना विचारलंस तर ते हसतील, पण मॅच रंगात आली असेल तर तेही उठायचे नाहीत.

लक्ष्मीपूजनाचा सोमवार आठवतो ना? पुण्यात आत्याकडे पूजा मंगळवारी होती, पण टोरांटोत अमावास्येची संध्याकाळ सोमवारीच आली आणि नेमकी त्याच रात्री ब्लू जेजची, म्हणजे आपल्या टोरांटोच्या बेसबॉल टीमची, सिॲटलशी सातवी, शेवटची मॅच. आजीनं म्हणून काही पूजा आवरती घेतली नाही. पाटावर लक्ष्मीचा फोटो, पुढं नाणी, लाह्या-बत्तासे, नव्या केरसुणीला हळदकुंकू, सगळं साग्रसंगीत. आरती झाली, धणे-गूळ वाटून झाले आणि मग तिनंच विचारलं, "लागली का रे मॅच?" समईत तेल घातलं आणि चकल्यांचा डबा घेऊन तीच पहिली येऊन बसली. आपल्याकडे देवाचं देवाला नीट दिलं की उरलेली संध्याकाळ माणसांची असते. लक्ष्मीला राग बिग काही येत नाही.

सातव्या इनिंगमध्ये आपण ३-१ नं मागे होतो. तू सोफ्यावरून चकली घ्यायला उठलीस आणि तिथंच खाली सतरंजीवर बसलीस. तेवढ्यात बार्जरला वॉक मिळाला, म्हणजे बॉल न मारताच पहिला बेस, पाठोपाठ कायनर-फलेफाचा सिंगल, एका बेसचा फटका. झालं! आजोबांनी फर्मान काढलं, "चिऊ, आता तिथून हलायचं नाही." हिमेनेझनं बंट मारला, म्हणजे बॅट नुसती आडवी धरून बॉल जवळच टाकला, स्वतः आऊट झाला आणि दोघांना पुढं सरकवलं. आजोबांना अख्ख्या बेसबॉलमध्ये सगळ्यात आवडलेली गोष्ट ही. "ह्याला म्हणतात घरचा माणूस," म्हणाले. (होम रनला ते अजून सिक्सरच म्हणतात, म्हणू देत.) त्याच वेळी आत्याचा व्हिडिओ कॉल आला, तिच्याकडे मंगळवारची सकाळ. तिला हॅलो म्हणायच्या आत स्प्रिंगरनं बॉल प्रेक्षकांत भिरकावला. तीन रन, ४-३. मग काय, आत्याचंही नशीब ठरलं. "तू फोन ठेवायचा नाहीस!" बिचारी कपातला गार चहा पीत मॅच संपेपर्यंत आपले चेहरे बघत बसली. १९९३ नंतर पहिल्यांदा ब्लू जेज वर्ल्ड सिरीजला, म्हणजे बेसबॉलच्या फायनलला गेले. सिॲटलवाले तर आजवर एकदाही पोचलेले नाहीत, त्यांच्याही घरी त्या रात्री कुणीतरी बूड न हलवता बसलं असणारच.

आजोबांची ही खोड जुनी. १९८७ च्या वर्ल्ड कपमध्ये भारत-ऑस्ट्रेलिया मॅच दिल्लीत २२ ऑक्टोबरला होती, तेही लक्ष्मीपूजनच. मॅच दिवसाची. टीव्ही आमच्याकडे, त्यामुळे अर्धा वाडा आमच्या खोलीत. फराळाच्या बशा माणसांच्या डोक्यांवरून फिरत होत्या. मला जागा मिळाली ती उंबऱ्यावर. उंबऱ्यावर बसू नये म्हणून आजी ओरडली, तेवढ्यात विकेट पडली आणि आजोबा म्हणाले, "बसू दे त्याला!" अझरुद्दीननं बॅटिंगला नाबाद ५४ केले होतेच, वर १९ रनांत ३ विकेट घेतल्या. ५६ रनांनी जिंकलो. पूजेच्या वेळी आजीनं मला उठवलं, तेव्हा पायाला मुंग्या आल्या होत्या.

आता तुझा खरा प्रश्न. दोन आठवड्यांनी मुंबईत सेमीफायनल झाली. मी त्याच उंबऱ्यावर, तसाच मांडी घालून. इंग्लंडच्या गूचनं आपल्या स्पिनरना स्वीप मारमारून ११५ केले आणि आपण ३५ रनांनी हरलो. मीही तेव्हा तुझ्यासारखाच हललो नव्हतो, आणि आजोबांना हेच विचारलं होतं. त्यांनी शांतपणे चौकशी करून शोधून काढलं की शेजारचे काका मध्येच तपकीर आणायला गेले होते.

म्हणजे हा नियम कधीच खोटा ठरत नाही, कुणी ना कुणी हललेलं असतंच! घरी बसलेल्या माणसाच्या हातात ना बॅट, ना बॉल. निदान जागा धरून ठेवणं तरी त्याला जमतं. तुझ्या टीममधली मुलं हरायला लागली की टोप्या उलट्या करून घालतात, ते काय वेगळं आहे? शिकागोत तर १९४५ मध्ये एका माणसाला बोकडासकट मैदानाबाहेर काढलं म्हणून तिथल्या कब्ज टीमला शाप लागला, असं लोक २०१६ पर्यंत मानत होते.

१ नोव्हेंबरचा तपास आजोबांनी पूर्ण केलाय. नवव्या इनिंगमध्ये आपण ४-३ नं पुढं, फक्त दोन आऊट हवे होते आणि रोहासनं होम रन मारला. अकराव्यात विल स्मिथनं दुसरा मारला आणि लॉस एंजेलिसचे डॉजर्स ५-४ नं जिंकले. तू सतरंजीवर होतीस, आजी डब्याजवळ, मी दाराशी. पण आत्यानं कामवाल्या मावशी आल्या म्हणून फोन ठेवला होता! आजोबांनी दुसऱ्याच दिवशी तिला फोन करून जाब विचारला. ती म्हणाली, "अण्णा, माझ्यामुळं जिंकले ना ते? मग डॉजर्सना कळवा तसं. खेळाडूंना अंगठ्या देतात म्हणे, एखादी मलाही पाठवतील."

तुझा,
बाबा