मॅडम, गणित जमत नाही. शाखा बदलू का?

सागरी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षातली विद्यार्थिनी. जहाजाची स्थिरता हा विषय दोनदा राहिलेला. तिचं म्हणणं थोडक्यात असं: "आकडे समोर आले की डोकं बंद पडतं. उद्या माझ्या चुकीनं खरंच एखादं जहाज उलटलं तर? त्यापेक्षा आत्ताच शाखा बदलते." अशी काळजी घेऊन येणारी ती एकटी नाही, म्हणून तिचं प्रकरण इथे मांडलं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पहिल्या भेटीत गणिताला हातच लावला नाही. झोप, जेवण, हजेरी यांची चौकशी केली आणि "जगणं नकोसं वाटतं का?" हेही सरळ विचारलं. हा प्रश्न विचारायला अनेकजण कचरतात, पण विचारल्यामुळे तो विचार कुणाच्या मनात शिरत नाही. तिचं उत्तर "नाही" होतं. "हो" असतं तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावं लागलं असतं.

दुसऱ्या भेटीला तिनं जुन्या उत्तरपत्रिका आणि प्रयोगवही आणली, विषय शिकवणारे सरही बसले. "गणित येत नाही" एवढ्यावरून काहीच हाती लागत नाही, म्हणून गेलेला प्रत्येक गुण तीन रकान्यांत टाकला: एकक किंवा चिन्ह चुकलं, सूत्रात भलतीच राशी घातली, की मुळात काय चाललंय हेच कळलं नव्हतं? तिसरा रकाना जवळपास रिकामा राहिला. तिला ते खरं वाटेना, तिनं पुन्हा मोजलं.

एक गणित जवळून पाहू. पेटीच्या आकाराचं मॉडेल, लांबी 1 मीटर, रुंदी 0.30 मीटर, गोड्या पाण्यात ड्राफ्ट (पाण्याखाली बुडालेली खोली) 0.08 मीटर. म्हणजे 24 लिटर पाणी बाजूला सरतं, वजन 24 किलो. प्लवनकेंद्र, म्हणजे पाण्याखालच्या भागाचा मध्य, तळापासून 0.04 मीटरवर. तिथून मेटासेंटर (मॉडेल थोडं कललं की पाण्याच्या वरच्या दिशेच्या रेट्याची रेषा मॉडेलच्या मध्यरेषेला छेदते तो बिंदू) किती वर? लांबी गुणिले रुंदीचा घन भागिले 12, म्हणजे 0.00225, त्याला 0.024 घनमीटरनं भागलं की 0.094 मीटर. गुरुत्वमध्य तळापासून 0.07 मीटरवर असेल तर जीएम, म्हणजे गुरुत्वमध्यापासून मेटासेंटरची उंची, 0.04 + 0.094 - 0.07 = 0.064 मीटर. ही उंची धन असेल तरच मॉडेल सरळ उभं राहतं. तिनं घन लांबीचा केला होता आणि उत्तर लिहिलं होतं 1.01 मीटर. तीस सेंटिमीटर रुंद मॉडेलला मीटरभर जीएम! गुणाकार-भागाकार मात्र अचूक. घाबरलेला विद्यार्थी आलेल्या उत्तराकडे बघत नाही, ते लिहून मोकळा होतो.

म्हणून कॅल्क्युलेटर हातात घेण्याआधीची सवय ठरवून दिली: वरून दिसणाऱ्या जलरेषेची आकृती काढायची, मॉडेल कोणत्या अक्षाभोवती कलणार ती रेघ मारायची आणि अंदाजे उत्तर पेन्सिलीनं लिहायचं. पेटीसाठी रुंदीचा वर्ग भागिले ड्राफ्टची बारापट, दोन मिनिटांचं काम. सरांनी अंतर्गत परीक्षेत या अंदाजाला गुण ठेवले. ते ठेवले नाहीत तर कुणी अंदाज लिहीत नाही, हे शिक्षकांनी लक्षात घ्यावं.

खरी गोष्ट प्रयोगवहीत निघाली. इनक्लायनिंग टेस्टमध्ये, म्हणजे मॉडेल मुद्दाम थोडं कलवून जीएम काढण्याच्या चाचणीत, अर्ध्या किलोचं वजन 0.1 मीटर आडवं सरकवतात आणि लोलक किती हलला ते मोजतात. वरच्या मॉडेलला अर्ध्या मीटरच्या लोलकावर साधारण 16 मिलिमीटर यायला हवेत. तिच्या वहीत खोडाखोड होती. वजन हलवण्याआधीच लोलक मधोमध नव्हता, म्हणून तिनं पट्टीच सरकवून शून्य जुळवलं होतं. आलेखावर बिंदू सरळ रेषेत बसेनात, ते पुसून रेष मारली होती. "माझंच चुकलं असणार असं वाटलं, मॅडम."

प्रयोग पुन्हा लावला तेव्हा मॉडेलच्या तळाशी जेमतेम 2 मिलिमीटर पाणी सापडलं; सांधा गळत होता. पाणी थोडं असलं तरी पूर्ण रुंदीभर मोकळं पसरलं की मॉडेल कलताच ते खालच्या बाजूला धावतं, आणि जीएममधून 0.094 मीटर जातात. होते 0.064. म्हणजे जीएम ऋण, आणि मॉडेल सरळ उभं राहणारच नाही. बोटानं दुसऱ्या बाजूला ढकललं तर ते तिकडे कलून राहिलं. मॉडेलमधलं वजनच एका बाजूला जास्त असतं तर मॉडेल परत त्याच बाजूला आलं असतं. (मधोमध एक लांबट आडभिंत घातली की हीच घट एक चतुर्थांश होते, टाक्या विभागतात त्या यासाठीच.) मॉडेल कोरडं करून सांधा बुजवल्यावर लोलक मध्यावर आला आणि बिंदू रेषेत. तिनं पुसलेली वाचनं बरोबर होती.

वाचन झाकण्याचा हा मोह जुना आहे. 1628 साली स्टॉकहोमला वासा या स्वीडिश युद्धनौकेवर तीस माणसं डेकच्या या कडेवरून त्या कडेला धावायला लावली, जहाज इतकं झुलू लागलं की चाचणी थांबवली गेली. जहाज तरीही निघालं आणि पहिल्याच सफरीत बंदरातच बुडालं.

"माझ्यामुळे जहाज उलटलं तर?" याला धीराचे शब्द पुरत नाहीत, कामाची पद्धत दाखवावी लागते. स्थिरतेचं गणित एका माणसाच्या भरवशावर सुटत नाही. वर्गीकरण संस्था (जहाजाची रचना आणि बांधणी प्रमाणित करणारी संस्था) ते तपासते, बांधून झालेल्या जहाजावर इनक्लायनिंग टेस्ट होते, आणि आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या 2008 च्या संहितेत सुरुवातीचा जीएम किमान 0.15 मीटर असावा असा सर्वसाधारण निकष आहे. चूक होणार हे धरूनच ही साखळी बांधली आहे. मात्र ती चालते ती वाचन जसं आलं तसं लिहिलं तरच.

शाखा बदलण्याचा निर्णय सत्र संपेपर्यंत लांबवला. अर्जाची मुदत आधी तपासून. मदत मिळूनही तिसरा रकाना भरतच राहिला, किंवा उत्तर बरोबर येऊनही विषय नकोसाच वाटला, तर शाखा बदलणं रास्तच, त्यात कमीपणा नाही. तिनं अर्ज भरलेला नाही. ट्रिमच्या (जहाज पुढे किंवा मागे किती झुकलं त्याच्या) गणितात पुढचं-मागचं चिन्ह अजून उलटं पडतं. सध्या आकृतीवर बाण आधी, आकडे नंतर असं चाललं आहे.